चेंडूची उसळी आणि सोडण्याची उंची

विशिष्ट उंचीवरून सोडलेला चेंडू कठीण पृष्ठभागावर टप्पा खाऊन पुन्हा ज्या उंचीपर्यंत चढतो, त्या उंचीला त्याची उसळी म्हणतात. जास्त उंचीवरून सोडलेला चेंडू जास्त उसळतो, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण शाळेच्या प्रयोगवहीत बहुधा एवढेच अनुमान लिहून प्रयोग संपवला जातो आणि खरी महत्त्वाची गोष्ट नोंदवायची राहून जाते. उंची वाढवली की उसळी वाढते, मात्र सोडण्याच्या उंचीशी उसळीचे असलेले प्रमाण जवळपास तेच राहते. १ मी. उंचीवरून सोडलेला चेंडू ५६ सेंमी. उसळत असेल, तर २ मी. उंचीवरून तो सुमारे ११२ सेंमी. उसळतो.

हातात धरलेल्या चेंडूत उंचीमुळे स्थितिज ऊर्जा असते आणि पडताना तिचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते. जमिनीला टेकतानाचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो : १ मी. उंचीवरून पडलेल्या चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मी. असतो, तर २ मी. उंचीवरून पडलेल्याचा सुमारे ६.३ मी., म्हणजे दुप्पट नव्हे, साधारण १.४ पट. जमिनीवर आदळताच चेंडू खालून चपटा होतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा मूळ आकारात येताना स्वतःला वर ढकलतो. टेनिसच्या चेंडूच्या बाबतीत हे सगळे सुमारे पाच सहस्रांश सेकंदात उरकते. दबताना साठलेली सर्व ऊर्जा मात्र परत मिळत नाही. रबर दाबताना जेवढी खर्च होते तेवढी ते सैल होताना देत नाही आणि उरलेली उष्णतेच्या रूपाने त्यातच मुरते. थोडी ऊर्जा आवाजात आणि जमिनीच्या कंपनात जाते.

टप्प्यानंतरचा वेग आणि टप्प्याआधीचा वेग यांच्या गुणोत्तराला येथे उसळी-गुणांक म्हटले आहे. उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने उसळीला सोडण्याच्या उंचीने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढले की हा गुणांक मिळतो. वरच्या उदाहरणात तो सुमारे ०.७५ आहे. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात दोरीला टांगलेल्या गोळ्यांच्या टकरींचे प्रयोग नोंदवले आहेत. लोकरीच्या घट्ट गोळ्यांसाठी हे गुणोत्तर त्यांना ५/९ आढळले, तर काचेच्या गोळ्यांसाठी १५/१६. ठरावीक पदार्थासाठी हे गुणोत्तर कायम राहते, असे त्यांनी मांडले. हा गुणांक एकट्या चेंडूचा नसतो, चेंडू आणि पृष्ठभाग या जोडीचा असतो. शहाबादी फरशीवर छान उसळणारा चेंडू सारवलेल्या अंगणात मंद उठतो आणि वाळूत तर रुतूनच बसतो.

खेळांच्या नियमांत सोडण्याची उंची नेमून दिलेली असते ती याच कारणाने. प्रमाणित टेनिस चेंडू २५४ सेंमी. (१०० इंच) उंचीवरून काँक्रीटवर सोडल्यास त्याची उसळी १३५ ते १४७ सेंमी. यावी लागते. टेबल टेनिसमध्ये उलट टेबलाची परीक्षा होते : प्रमाणित चेंडू ३० सेंमी. उंचीवरून सोडला असता तो टेबलावर सगळीकडे सारखा, सुमारे २३ सेंमी. उसळला पाहिजे. १९६५ साली अमेरिकेत बाजारात आलेला ‘सुपर बॉल’ पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबराचा होता आणि नुसता हातातून सोडला तरी तो सोडल्या उंचीच्या बराच जवळ परत येत असे.

प्रमाण कायम राहते हे विधान मध्यम उंचीपुरतेच खरे आहे. उंची वाढवत नेऊन आलेख काढला, तर आरंभी सरळ जाणारी रेषा पुढे हळूहळू खाली वाकते. याची कारणे दोन आहेत आणि ती वेगवेगळी ओळखायला हवीत. पहिले कारण चेंडूतच आहे : आघात जोराचा झाला की चेंडू अधिक चपटा होतो आणि त्यात मुरणाऱ्या ऊर्जेचा वाटाही वाढतो, पोलादाच्या गोळीच्या बाबतीत तर गोळीवर किंवा खालच्या पृष्ठभागावर बारीक खळगा कायमचा उमटतो. दुसरे कारण हवेचा रोध. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिमी. व्यासाचा आणि अवघा २.७ ग्रॅम वजनाचा असल्यामुळे पडताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मी.च्या आसपास स्थिरावतो. म्हणूनच तो दुसऱ्या मजल्यावरून सोडला काय किंवा दहाव्या मजल्यावरून सोडला काय, त्याच्या उसळीत फारसा फरक पडत नाही. तापमानाचाही परिणाम होतो. थंड रबर आळसावते. स्क्वॉशचे खेळाडू सामन्याआधी चेंडू भिंतीवर मारून गरम करून घेतात ते त्यासाठीच.

चेंडू टप्प्यामागून टप्पे घेत राहिला की प्रत्येक उसळी आधीच्या उसळीच्या त्याच प्रमाणात घटत जाते : १०० सेंमी.वरून सोडलेल्या वरील चेंडूच्या उसळ्या ५६, ३२, १८, १० सेंमी. अशा उतरतात. दोन टप्प्यांमधला वेळही दर खेपेस ०.७५ पट होतो; फरशीवर सोडलेल्या टेबल टेनिसच्या चेंडूची टक-टक शेवटी एकमेकींत मिसळून तिचा तडतडाट होतो, तो या आकुंचनामुळे. गणिताने टप्पे अनंत निघत असले, तरी त्यांच्या वेळांची बेरीज मर्यादित असते आणि या उदाहरणात ती अवघी ३.२ सेकंद भरते.

मोजताना सर्वांत जास्त चुका उंची वाचण्यात होतात. सोडण्याची उंची चेंडूच्या तळापासून घेतली असेल, तर उसळीही तळापर्यंतच घ्यावी लागते. सुमारे २४ सेंमी. व्यासाच्या बास्केटबॉलमध्ये एक माप तळाचे आणि दुसरे माथ्याचे घेतल्यास सगळा हिशोब बिघडतो. चेंडू खाली ढकलू नये, बोटांतून फिरकी देऊ नये, आणि डोळा उसळीच्या माथ्याच्या पातळीत ठेवावा. त्यापेक्षाही खात्रीचा उपाय म्हणजे मोबाइलवर टप्प्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून लागोपाठच्या दोन मध्यंतरांचे गुणोत्तर काढणे, कारण तेच गुणोत्तर म्हणजे उसळी-गुणांक असतो आणि त्यासाठी पट्टीची गरज पडत नाही.