दोन बाळंतपणांमधले किलो

चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याला मावसबहिणीकडे आम्ही नेवऱ्या करायला बसलो होतो. शेजारच्या मावशी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान बघायला डोकावल्या आणि जाता जाता तिच्या पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “दुसरें केन्ना गो?” ती हसली. मावशी गेल्यावर हातातली पारी तशीच ताटात ठेवून मला म्हणाली, “दीड वर्षापूर्वी त्यासाठीच डॉक्टरांकडे गेले होते ताई. आधी वजन कमी कर, मग ये, म्हणाले. मी परत गेलेच नाही.”

किती कमी कर, कशासाठी, किती दिवसांत, यातलं काहीच तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं वय ३४, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. मधल्या काळात दोनदा डाएट झालं. एकदा महिनाभर नुसतं सूप आणि काकडी. तीन किलो उतरले, पाच चढले. या दीड वर्षात वजनकाट्याची तिने इतकी धास्ती घेतली की काटा पलंगाखाली ढकलून ठेवला होता.

मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण त्या दिवशी तिला वजनाबद्दल विचारायच्या आधी मी एकच विचारलं: पहिल्या वेळची फाईल आहे का?

फाईल नव्हतीच, पिशवी होती. कपाटावरच्या मिठाईच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत सोनोग्राफीचे कागद, लसीकरणाचं कार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि तळाशी चार घड्या पडलेला एक रिपोर्ट. गरोदरपणाच्या २६व्या आठवड्यातला. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी रक्तातली साखर १५२. बाजूला पेनाने एकच शब्द लिहिलेला: ‘डाएट’. आपल्याकडे ही तपासणी ज्या पद्धतीने होते, तिच्यात १४० किंवा त्याहून जास्त आकडा आला की त्याला गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. “ती साखर ना? ती बाळंत झाल्यावर गेली,” ती म्हणाली.

साखर उतरली हे खरं, पण गोष्ट तिथे संपत नाही. पोटात बाळ वाढत असताना वारेतून अशी संप्रेरकं सुटतात की आईचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. हा निसर्गाचा डाव आहे. आईच्या पेशींनी साखर जरा कमी उचलली तर ती बाळाला मिळते. त्याची भरपाई म्हणून आईच्या स्वादुपिंडाला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करावं लागतं. बहुतेकींच्या स्वादुपिंडाला ते जमतं. ज्यांना पुरं पडत नाही त्यांची साखर वाढते. बाळंतपणात वार पडते, ओझं उतरतं, साखर खाली येते. पण स्वादुपिंडाकडे शिल्लक बेताचीच आहे हे त्या नऊ महिन्यांत कळून चुकलेलं असतं. अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा सात ते दहा पट असतो आणि पुढच्या गरोदरपणात साखर पुन्हा वाढण्याची शक्यता जवळजवळ पन्नास टक्के. म्हणून बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा साखर तपासायची आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासत राहायचं, असा नियम आहे. माझ्या बहिणीची पाच वर्षांत एकदाही तपासली गेली नव्हती. बाळाचे सगळे डोस मात्र वेळच्या वेळी झालेले. आपल्या घराघरांत हेच होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता वजनाकडे येऊ. चरबी म्हणजे अंगावरची निर्जीव साठवण, असा समज फार काळ होता. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन शोधलं. हे संप्रेरक चरबीच्याच पेशी तयार करतात आणि शिल्लक किती आहे त्याची खबर मेंदूला देतात. तेव्हापासून चरबीकडे एका मोठ्या ग्रंथीसारखं पाहिलं जातं. पाळी नियमित येण्यासाठी मेंदू ठरावीक लयीत संदेश सोडतो, त्यावर अंडाशयात एक बीज पिकतं आणि महिन्यातून एकदा बाहेर पडतं. चरबी वाढली की या लयीत दोन ठिकाणी ढवळाढवळ होते. चरबीच्या पेशींत पुरुषी संप्रेरकांचं इस्ट्रोजेन हे बायकी संप्रेरक तयार होतं, ते जादा इस्ट्रोजेन मेंदूपर्यंत पोचतं आणि मेंदूची गफलत होते. दुसरी ढवळाढवळ इन्सुलिनची, आणि ती जास्त महत्त्वाची. पोटाभोवती चरबी साठली की स्नायू आणि यकृत इन्सुलिनला बहिरे होतात, म्हणून स्वादुपिंड आणखी मोठ्याने ओरडतं. अंडाशयाचे कान मात्र शाबूत असतात. त्याला तो आरडाओरडा जसाच्या तसा ऐकू येतो आणि ते पुरुषी संप्रेरकं जास्त बनवू लागतं. बीज अर्धवट पिकून थांबतं, पाळी चाळीस-पन्नास दिवसांवर जाते. पहिलं मूल सहज झालं होतं, मग आता काय झालं, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. मधल्या वर्षांत वय वाढलं, कंबर वाढली, शरीराचं गणित बदललं.

तरीही पाळी नियमित असलेल्या बहुतेक जाड बायकांना दिवस राहतात, हे ठणकावून सांगायला हवं. मूल व्हायला उशीर लागलेल्या जोडप्यांचा नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला. पाळी नियमित असलेल्या बायकांमध्ये बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २९च्या वर गेल्यावर दर अंकामागे आपोआप दिवस राहण्याची शक्यता चार-पाच टक्क्यांनी घटलेली दिसली. म्हणजे दार बंद होत नाही, थोडं जड होतं.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. बहिणीचा ३०.८ येतो. केतले या बेल्जियन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे सूत्र मांडलं ते लोकसंख्येची सरासरी पाहण्यासाठी, एका बाईचा निवाडा करण्यासाठी नव्हे. आपल्या बाबतीत तर ते आणखी फसवं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. ब्रिटिश माणसाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हडकुळी, पण चरबी मात्र त्यांनी जन्मतःच राखून ठेवलेली. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५वर आणली आहे. मी तर म्हणते, काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की पोटातली चरबी वाढली असं समजावं.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुन्या २५च्या रेषेनेच मोजून, देशातल्या २४ टक्के बायका जाड निघाल्या आणि गोव्यातल्या ३६ टक्के. त्याच पाहणीत गोव्यातला जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.३ होता. म्हणजे इथे दुसरं मूल बहुतेक घरांत विचार करून, आस धरून होतं. त्यासाठी झुरणाऱ्या बाईला नुसतं ‘वजन कमी कर’ म्हणून परत पाठवणं मला क्रूर वाटतं.

नेमकं किती कमी? याचा चांगला धागा स्वीडनमधून मिळतो. तिथे १९९२ ते २००१ या काळात लागोपाठ दोन मुलं झालेल्या दीड लाखाहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पाहिलं काय, तर पहिल्या गरोदरपणाच्या सुरुवातीचं वजन आणि दुसऱ्याच्या सुरुवातीचं वजन यांतला फरक. बीएमआय तीन अंकांनी किंवा जास्त वाढलेल्या बायकांत, वजन जवळपास तेवढंच राहिलेल्यांच्या तुलनेत, गरोदरपणातला मधुमेह दुप्पट आणि रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा आजार पावणेदोन पट आढळला. बाळ पोटातच दगावण्याचा धोकाही दीडपटीहून जास्त होता, पण तो मुळात इतका लहान असतो की वाढूनही बहुसंख्य बाळं सुखरूप जन्मतात. आधी सडपातळ असलेल्या बायकांतही साधारण हाच कल दिसला. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईला तीन अंक म्हणजे साधारण सात किलो. माझी बहीण पहिल्या वेळी ६५ किलोंवर होती, आता ७४. तिचं लग्नाच्या आधीचं वजन कुणी काढू नये. हे नऊ किलो तेवढे बघायचे, आणि तेही सगळे नाही. पाच टक्के, म्हणजे तिच्या हिशेबात पावणेचार किलो उतरले तरी इन्सुलिनचा आरडाओरडा कमी होतो आणि पाळी लांबलेल्या पुष्कळ बायकांत बीज पुन्हा सुटू लागतं.

मग वजन उतरेपर्यंत उपचार थांबवायचे का? नेदरलँड्समध्येच २०१६ साली याचा निकाल प्रसिद्ध झाला. मूल होत नसलेल्या, बीएमआय २९ किंवा जास्त असलेल्या ५७७ बायकांचे दोन गट केले. एका गटाला आधी सहा महिने आहार-व्यायाम, मग उपचार. दुसऱ्याला लगेच उपचार. दोन वर्षांच्या हिशेबात पूर्ण दिवसांची, नैसर्गिक प्रसूतीने झालेली निरोगी बाळं पहिल्या गटात जास्त नव्हती, उलट थोडी कमीच होती. मात्र उपचारांशिवाय दिवस राहिलेल्या बायका पहिल्या गटात जास्त होत्या. मी यातून एवढंच घेते की वजन आणि उपचार हातात हात घालून चालावेत, एकाने दुसऱ्याची वाट अडवू नये. पस्तिशीच्या उंबरठ्यावरच्या बाईचं दीड वर्ष फुकट घालवणं चार किलोंपेक्षा महाग पडतं. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर आणि पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की तपासणीला जावं, वजन कितीही असो. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आता त्याची सरकारी सोय आहे. पहिलं बाळ अजून तान्हं असेल, विशेषतः सिझेरियन झालं असेल, तर मात्र घाई नको. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुढच्या प्रयत्नाआधी किमान २४ महिने थांबायला सांगते.

खाण्याबद्दल मला फार उपदेश करायचा नाही. शीतकडी, म्हणजे भात आणि माशाची आमटी, सोडायला सांगणाऱ्याचं गोव्यात कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. बांगडा, तारले यांतलं तेल आणि प्रथिनं गरोदर होऊ पाहणाऱ्या बाईला हवीच असतात. प्रश्न ताटातल्या शिताच्या ढिगाचा आहे. बहिणीने ढीग निम्म्यावर आणला, शीत उकड्याचं केलं, मासळीचा एक तुकडा वाढवला, शेजारी तांबडी भाजी किंवा वाल. सकाळच्या पावाच्या जागी आठवड्यातून चार दिवस नाचणीची आंबील. आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. त्यामागे सुंदर विज्ञान आहे. स्नायू काम करू लागला की रक्तातली साखर तो इन्सुलिनची वाट न पाहता आत ओढतो. बहिरा झालेला स्नायूसुद्धा चालताना साखर उचलतो. कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही स्कूटर काढणाऱ्या आपल्यासारख्यांना यापेक्षा स्वस्त औषध नाही.

सध्या वजन उतरवायच्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी आहे. ती घेत असाल आणि मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यांतलं सेमाग्लुटाइड हे औषध गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. वजन उतरू लागलं की बंद पडलेलं बीज अचानक सुटतं आणि नकळत दिवस राहू शकतात, हेही ध्यानात ठेवावं. एकदा दिवस राहिले की वजन घटवायचं नाही. आंतरराष्ट्रीय मोजणीने लठ्ठ गटात असलेल्या बाईने नऊ महिन्यांत पाच ते नऊ किलो वाढणं पुरेसं मानतात. फॉलिक ॲसिड मात्र आधीपासून हवं, कारण बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, बाईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत. वजन जास्त असेल तर काही वेळा मोठा डोस देतात, तो डॉक्टरांना विचारून घ्यावा.

आणि नवरा? या सगळ्या गोष्टीत तो कुठेच नव्हता. दीड वर्षात त्याला कुणी काट्यावर उभं केलं नाही. पुरुषाच्या पोटावरची चरबीही टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, शुक्राणूंची संख्या आणि चाल मंदावते. पहिलं मूल झालंय म्हणून पाच वर्षांनंतरही सगळं तसंच असेल असं नाही. चांगली बाजू अशी की शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे आज बदललेल्या सवयीचा परिणाम तीन महिन्यांत दिसू शकतो. वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी, आणि आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते.

चवथीनंतर बहिणीने साखर तपासून घेतली. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.१ टक्के आली. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. थायरॉइड आणि रक्तदाब ठीक. माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप आम्ही तिच्या कमरेला लावली, ९२ भरली. मग तिनेच ती हातातून घेतली आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या भावजींना उभं केलं. पुरुषांची रेषा ९०ची, ते १०१ निघाले. त्यांनी टेपकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत.

आता रात्री जेवल्यावर दोघं मुलाला घेऊन घरासमोरच्या चढापर्यंत चालत जातात. दोन महिन्यांत तिचे अडीच किलो उतरलेत, पाळी ३१ दिवसांवर आली आहे. येत्या सोमवारी ती बांबोळीला जाणार आहे, तीच मिठाईची पिशवी घेऊन. त्यात आता भावजींचाही एक रिपोर्ट आहे.