नंबर शेवटी वाचा: वाफेच्या इंजिनांचे जुने फोटो ओळखताना

१५ फेब्रुवारी १९५२ रोजी ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचे पार्थिव लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून रेल्वेने विंडसरला नेले. त्या गाडीच्या फोटोत इंजिनावर ‘विंडसर कॅसल’ हे नाव आणि ४०८२ हा क्रमांक स्वच्छ वाचता येतो. इंजिन मात्र वेगळेच होते: ७०१३, ‘ब्रिस्टल कॅसल’. मूळ ‘विंडसर कॅसल’ १९२४ मध्ये पाचव्या जॉर्जनी स्वतः चालवले होते, म्हणून राजघराण्याच्या गाडीला तेच नाव हवे होते. पण ते नेमके तेव्हा कारखान्यात दुरुस्तीला पडले होते. मग दोन्ही इंजिनांच्या पाट्यांची अदलाबदल केली, आणि ती पुढेही तशीच राहिली. १९२४ ची बांधणी आणि १९४८ ची बांधणी यांतले बारीक फरक मात्र पाट्यांबरोबर बदलले नाहीत.

हा प्रकार एकदाच घडलेला नाही. १९३३ मध्ये ‘रॉयल स्कॉट’ या नावाने अमेरिकेला गेलेले इंजिन मुळात ६१५२ होते, ६१०० नव्हे. १९३९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेले ‘कोरोनेशन’ म्हणजे खरे तर ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’. त्या जोडीला आपापली नावे १९४३ मध्ये परत मिळाली. म्हणून माझे ठाम मत आहे की फोटो हाती आला की नंबर सगळ्यात शेवटी वाचावा. पाटी चार बोल्ट काढले की बदलते. चाके, बॉयलर आणि भट्टी अशी बदलत नाहीत.

सुरुवात चाकांपासून करावी. फ्रेडरिक व्हाइट या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत ब्रिटन-अमेरिकेत वापरतात: पुढची छोटी चाके, मधली इंजिन ओढणारी मोठी चाके आणि मागची छोटी चाके, अशी तीन आकड्यांत मोजणी. फोटोत एकच बाजू दिसते, म्हणून दिसतील त्याच्या दुप्पट धरायची. एका बाजूला दोन छोटी, तीन मोठी आणि एक छोटे दिसले, तर ते ४-६-२, म्हणजे ‘पॅसिफिक’. पुढची छोटी चाके इंजिनाला वळणावर वाट दाखवतात, मागची चाके रुंद भट्टीचे वजन पेलतात. एक्स्प्रेसच्या बहुतेक नामांकित ब्रिटिश इंजिनांची चाके ४-६-० किंवा ४-६-२ अशी भरतात.

मग मोठ्या चाकाची उंची पाहावी. लंडन–एडिंबरा मार्गावरच्या पॅसिफिक इंजिनांची मोठी चाके २.०३ मीटर व्यासाची होती, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ६.४ मीटर अंतर. ताशी १६० किलोमीटरला अशा चाकाचे सेकंदाला ७ फेरे होतात. मालगाडीच्या इंजिनाचे १.४ मीटरचे चाक त्याच वेगाला सुमारे १० फेरे मागेल. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा पुढे आणि एकदा मागे जातो आणि दर वेळी वाफ आत येऊन बाहेर पडावी लागते. त्याला वेळ पुरत नाही. शेजारी उभ्या माणसापेक्षा चाक उंच दिसले, तर इंजिन वेगासाठी बांधलेले आहे हे बेलाशक समजावे.

फोटो तिरका असला तरी मोजमाप अडत नाही. चाक गोल आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. तिरक्या फोटोत ते लंबगोल दिसते. त्याची रुंदी उंचीच्या निम्मी भरली, तर इंजिनाची लांबी त्या जागी निम्म्याने आक्रसली आहे. तेवढी दुरुस्ती करून दोन चाकांच्या आसांमधले अंतर काढता येते. तुलना मात्र शेजारशेजारच्या चाकांचीच करावी, कारण दूरचे चाक लहानही दिसते.

गाडी एक्स्प्रेस होती का, हे ब्रिटिश फोटोत इंजिनाच्या तोंडावरचे दिवे सांगतात. दोन्ही बफरांच्या, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गोल तबकांच्या, वर एकेक दिवा म्हणजे एक्स्प्रेस. धुराड्याच्या पायथ्याशी एकच दिवा म्हणजे साधी पॅसेंजर. दक्षिणेकडच्या सदर्न रेल्वेवर मात्र दिवे आणि पांढऱ्या तबकड्या गाडीचा दर्जा नव्हे, मार्ग दाखवत. तिथे हा नियम लावला की हमखास फसगत होते.

आता मला सर्वांत आवडणारा भाग: गाडी खरेच धावत होती का? ताशी ९६ किलोमीटरने जाणारे इंजिन सेकंदाला सुमारे २७ मीटर कापते. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता उघडला, तरी तेवढ्यात इंजिन २७ सेंटिमीटर सरकते. पण चाकाचे सगळे भाग सारखे सरकत नाहीत. घरंगळणाऱ्या चाकाचा रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणी चक्क स्थिर असतो आणि माथा इंजिनाच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. म्हणून स्थिर धरलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोत रुळाजवळचे आरे ओळखू येतात आणि वरचे आरे पुसटून जातात. भिंग घेऊन पाहा, हा फरक चांगला जाणवतो.

छायाचित्रकाराने कॅमेरा गाडीबरोबर फिरवला असेल, तर चित्र पालटते. इंजिन रेखीव येते, मागची झाडे फरफटतात आणि चाकाचे आरे वर-खाली सारखेच पुसट होतात. तिसरी शक्यता फार सुंदर आहे: इंजिनही रेखीव, मागचे खांबही रेखीव, पण आरे सगळीकडे पुसट. हे इंजिन जड गाडी घेऊन निघताना जागच्या जागी चाके फिरवत, म्हणजे घसरत आहे. आणि धुराचे लोट उसळताहेत, तरी आरे खालपासून वरपर्यंत लख्ख दिसत असतील, तर संशय घ्यावा. गाडी उभी असताना टिपून धूर नंतर निगेटिव्हच्या काचेवर रंगवण्याची पद्धत होती.

रंगाच्या बाबतीत जुना फोटो आणखी चकवतो. सुरुवातीच्या काचा निळ्या प्रकाशालाच दाद देत. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना हिरवा दिसू लागला, पण लाल नाही. त्यामुळे मिडलँड रेल्वेचे किरमिजी इंजिन फोटोत काळेकुट्ट दिसते, निळे इंजिन फिकट पडते, आणि आकाश ढगांसकट कोरे पांढरे होते. काळे दिसते म्हणून काळे रंगवले होते, असा निष्कर्ष काढू नये. शिवाय नवे इंजिन कारखान्याबाहेर पडताना तपशील नीट उठावेत म्हणून मुद्दाम फिकट राखाडी रंगवून त्याचा फोटो काढत. त्या रंगात ते प्रवाशांना कधी दिसलेच नाही.

तारीख ठरवताना एकच अचूक खूण शोधत बसू नये. प्रत्येक खूण ‘याच्या आधी नाही’ किंवा ‘याच्या नंतर नाही’ एवढेच सांगते; अशा खुणांच्या कात्रीत तारीख सापडते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९४८ ला रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीच्या इंजिनांच्या क्रमांकांत ६०,००० मिळवले गेले. तोंडावर ६ ने सुरू होणारी पाच आकडी पाटी असेल, तर १९४८ च्या मागे जाता येत नाही.

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंजिनाचेच पाहा. १९२३ मध्ये ते १४७२ म्हणून तयार झाले, १९२४ मध्ये ४४७२ झाले, १९४६ मध्ये आधी ५०२ आणि मग १०३, राष्ट्रीयीकरणानंतर ६०१०३. जानेवारी १९४७ मध्ये त्याची ए-३ प्रकारात फेरबांधणी झाली, जानेवारी १९५९ मध्ये दुहेरी धुराडे आले आणि डिसेंबर १९६१ मध्ये धुराड्याच्या दोन्ही अंगांना धूर वर ढकलणारे पत्रे बसले. ६०१०३, दुहेरी धुराडे आणि पत्रे नाहीत, एवढे दिसले की फोटो या मधल्या तीन वर्षांतलाच.

१९६३ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले. नव्या मालकाने त्याला पुन्हा ४४७२ हा जुना क्रमांक, एलएनईआरचा हिरवा रंग आणि एकेरी धुराडे दिले. कृष्णधवल फोटोत ते सहज १९३० च्या दशकातले वाटते. तेव्हा इंजिनाच्या पुढच्या गोल टोकाच्या वरच्या अंगाला, धुराड्याच्या दोन्ही बाजूंना पाहा. तिथे उठावदार झाकणे दिसली, तर आत ए-३ चा मोठा सुपरहीटर, म्हणजे वाफ आणखी तापवणारी यंत्रणा, आहे. ती झाकणे या इंजिनावर १९४७ मध्ये आली आणि त्याच्या वर्षभर आधीच ४४७२ हा क्रमांक गेला होता. ही जोडी एका फोटोत दिसली, तर तो १९६३ किंवा त्यानंतरचा.