एस्प्लनेड मॅन्शन: बीडाच्या खांबांवर उभा राहिलेला दीडशे वर्षांचा इतिहास

मुंबईच्या काळा घोडा परिसरात सत्र न्यायालयाच्या शेजारी एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. २०१९ मध्ये ती रिकामी केली गेली. तेव्हापासून तिच्याबद्दल दोनच गोष्टी कानावर येतात: इमारत धोकादायक आहे, आणि इमारत वारसा आहे. दोन्ही खरं. पण वारसा म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की बहुतेक जण जमशेटजी टाटांची गोष्ट सांगतात. ही इमारत वॉटसन हॉटेल होती तेव्हा इथे त्यांना प्रवेश नाकारला आणि त्या अपमानातून ताज उभं राहिलं, अशी. गोष्ट मुंबईकरांच्या आवडीची आहे, पण तिला कागदोपत्री आधार नाही. आणि या इमारतीला तिची गरजही नाही. तिचं मोल तिच्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, सांगाड्यात आहे.

सुरुवात कापसापासून होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत फोर्टची तटबंदी पाडली गेली. तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाला एस्प्लनेड म्हणत. तिथले भूखंड विक्रीला निघाले. जॉन वॉटसन हे इथले इंग्रज कापड व्यापारी. त्यांनी जागा घेतली आणि इमारतीचं काम दिलं रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरला. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड लोखंडी छपराच्या कामातही ऑर्डिश होते.

ऑर्डिश यांनी इमारत इंग्लंडमध्येच साच्यात ओतून घेतली. खांब, तुळया, कठडे असे सुटे भाग तिकडे तयार झाले, जहाजाने मुंबईत आले आणि १८६७ ते १८६९ या काळात जागेवर जोडले गेले. पाच मजले, १३० खोल्या, मध्ये काचेच्या छताखाली मोठा दिवाणखाना. हॉटेल सुरू झालं १८७१ मध्ये.

आता सांगाड्याबद्दल. तोवर आपल्याकडे मोठी इमारत म्हणजे जाड भिंती. वरच्या मजल्यांचा भार भिंतच पेलायची. इथे भार लोखंडाच्या चौकटीवर आहे आणि विटा नुसत्या मधल्या जागा भरायला आहेत. भिंत काढली तरी मजला उभा राहील, ही कल्पना त्या काळात नवी होती. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला गगनचुंबी इमारतींची आद्य म्हणतात, ती पूर्ण झाली १८८५ मध्ये. आज परळ-वरळीला दिसणारे अनेक टॉवर खांब-तुळयांच्या याच तत्त्वावर उभे आहेत. बहुमजली ओतीव लोखंडी इमारतींपैकी भारतात टिकलेली सर्वांत जुनी म्हणून वॉटसनचं नाव घेतलं जातं. मुंबईच्या उंचीची सुरुवात पाहायची तर मला दुसरी जागा सुचत नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो एका प्रतिज्ञापत्राच्या कामासाठी. लाकडी जिना, दोन्ही बाजूंना प्लायवूडची पार्टिशनं, वकिलांच्या पाट्या एकावर एक. ज्या खोलीत बसलो तिच्या कोपऱ्यात एक बारीकसा खांब होता, ऑइल पेंटचे थरावर थर बसलेला, आणि त्याला कॅलेंडर टांगलेलं. मी हात लावला तेव्हा तो थंड लागला. घरातल्या बीडाच्या तव्यासारखा. तोवर मी तो लाकडीच समजत होतो.

हॉटेलच्या भरभराटीच्या दिवसांत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरले आणि मुंबईच्या कावळ्यांवर त्यांनी मनापासून लिहिलं. पण त्याहून मोठी गोष्ट घडली ती ७ जुलै १८९६ रोजी. फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा, म्हणजे हलत्या चित्रांचा, भारतातला पहिला खेळ याच इमारतीत झाला. तिकीट एक रुपया, सहा छोटी दृश्यं: स्टेशनात येणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, आणि एका भिंतीचं पाडकामही. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले. त्या वर्षीचे ल्यूमिएरांचे खेळ पाहूनच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. मराठी माणसाच्या सिनेमाशी असलेल्या नात्याचा एक धागा असा या दारापर्यंत येतो.

१९०३ मध्ये ताज सुरू झालं आणि वॉटसनची रया गेली. पुढे हॉटेल बंद पडलं, मोठ्या खोल्यांचे गाळे झाले, शेजारी कोर्ट असल्यामुळे वकील, टंकलेखक, छोटे व्यापारी आले. ५० हून अधिक कुटुंबं आणि ९० हून अधिक कार्यालयं-दुकानं एका छताखाली. इमारत जगली ती या लोकांमुळे, हे विसरू नये. पण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. अशा भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि ज्या जागेची मालकी नाही तिच्यावर भाडेकरू खर्च करत नाही. दक्षिण मुंबईतल्या शेकडो इमारती या कात्रीत सापडल्या. लोखंडी इमारतीला ती जास्त महागात पडते. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस; गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतालची वीट फोडतं. त्यात मूळ गॅलऱ्या बंद करून खोल्या वाढवलेल्या, वर जादा बांधकामाचा भार.

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली, देशात पहिल्यांदाच. वॉटसनला त्यात श्रेणी दोन-अ मिळाली. श्रेणीमुळे पाडकामाला अडसर आला, पण दुरुस्तीसाठी पैसा आला नाही. २००५ च्या पावसाळ्यात पश्चिमेकडच्या सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. त्याच वर्षी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या वारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगातल्या १०० धोक्यातल्या वास्तूंची यादी जाहीर केली, तीत वॉटसनचं नाव होतं. २०१८ मध्ये पुन्हा सज्जाचा भाग खाली उभ्या गाडीवर पडला. मग प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, इमारत रिकामी झाली आणि आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडावी असं सुचवलं. संवर्धन वास्तुविशारदांनी त्याला ठाम विरोध केला.

मला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं पटतं, आणि त्याचं कारण भावनिक नाही. ही इमारत मुळातच सुट्या भागांची आहे. जिथे भाग जोडता येतात तिथे ते तपासून, एकेक काढून, बदलूनही बसवता येतात. दगडी भिंतीत हे अवघड असतं. काय सडलंय आणि काय शाबूत आहे हे खांबाखांबाने ठरवायला हवं, त्यासाठी आधी वाढीव बांधकाम आणि पार्टिशनं उतरवायला हवीत. आणि जे भाडेकरू बाहेर पडले त्यांना परत येण्याची लेखी हमी हवी, कारण त्यांच्या सहीशिवाय यातलं कुठलंच काम पुढे सरकणार नाही.