मन रिकामे केले की बाळंतपणातील उदासी जाते का?

‘गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर मन खचले, तर डोळे मिटून मन रिकामे करावे, औषधाची गरज उरत नाही,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो.

हा अंश सजगतेवर (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता मनात काय चालले आहे ते शांतपणे पाहणे) आधारित उपचारातून आला आहे; पण त्यात मन रिकामे करायचे नसते. मनात आलेला विचार, उदाहरणार्थ ‘मी चांगली आई नाही’, हा केवळ विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे ओळखून त्याच्यामागे वाहवत न जाण्याचा तो सराव असतो. त्याचा प्रचलित अभ्यासक्रम प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली 8 आठवडे चालतो आणि तो मुळात नैराश्य पुन्हा उद्भवू नये यासाठी आखला गेला. सौम्य चिंता व ताण यांत त्याची मदत होऊ शकते. तीव्र नैराश्यात मात्र तो औषधोपचाराची जागा घेत नाही, आणि चालू औषध डॉक्टरांना न विचारता थांबवणे धोक्याचे ठरू शकते.

उदासी आपोआप ओसरणारी आहे की तपासणी हवी, हे पडताळण्यासाठी आधी दिवस मोजावेत. प्रसूतीनंतरचे रडू येणे, चिडचिड बहुधा 2 आठवड्यांत ओसरते. त्यापुढे टिकल्यास तपासणी हवी. प्रसूतीनंतरच्या नैराश्याची चाचपणी करणाऱ्या एडिनबर्ग प्रश्नावलीत मागील 7 दिवसांविषयी 10 प्रश्न असतात. ती निदान करत नाही, पुढील तपासणीची गरज दाखवते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तसे विचार असल्यास, किंवा भास होत असल्यास, एकूण गुण कितीही आले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.