अ‍ॅप बंद केल्याने बॅटरी वाचते, ही समजूत आली कुठून?

रिसेंटचं बटण दाबायचं, उघडलेली सगळी अ‍ॅप बोटाने वर सरकवून टाकायची आणि मगच फोन खिशात ठेवायचा, ही सवय घरोघर आहे. दुरुस्तीच्या दुकानात फोन हातात घेतल्यावर पोरगाही आधी तेच करतो आणि ‘एवढी अ‍ॅप चालू ठेवल्यावर बॅटरी उतरणारच’ असं सांगतो. आजच्या फोनवर हे खरं नाही. पण असं करणाऱ्यांना अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. एके काळी हाच सल्ला अगदी बरोबर होता. पुढे फोन आतून बदलले, पण तो बदल पडद्याकडे बघून कळावा अशी सोय कुणी ठेवली नाही.

सिंबियन या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे नोकियाचे फोन आठवून पाहा. २००३ चा ६६००, २००७ चा एन९५. मेनूचं बटण दाबून बाहेर आलं की अ‍ॅप मागे तसंच चालू राही. ‘एक्झिट’ केलं तरच ते बंद होई. मेनूचं बटण जरा वेळ दाबून धरलं की चालू अ‍ॅपची छोटी यादी उघडायची आणि त्यातल्या नावावर जाऊन ‘सी’ची कळ दाबली की ते बंद व्हायचं. एन९५ मध्ये रॅम, म्हणजे चालू कामं ठेवायची तात्पुरती जागा, होती अवघी ६४ एमबी. ब्राउझर उघडा ठेवून कॅमेऱ्यात गेलं तर ‘मेमरी फुल, काही अ‍ॅप बंद करा’ असं फोन स्वतःच सांगायचा. तेव्हा हातात मोबाइल असलेल्या पिढीला हा धडा खुद्द फोननेच दिला आहे.

आयफोनने वेगळी वाट धरली. २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर सुरू झालं तेव्हा बाहेरच्या कंपन्यांच्या अ‍ॅपना मागे चालायला परवानगीच नव्हती. ती मर्यादित स्वरूपात आली २०१० मध्ये, आयफोनच्या आयओएस ४ या सिस्टिमबरोबर. त्या एप्रिलमधल्या कार्यक्रमात स्टीव्ह जॉब्स यांनी ठासून सांगितलं होतं की, मल्टिटास्किंगमध्ये (एका वेळी अनेक कामं चालवण्यात) टास्क मॅनेजर, म्हणजे चालू कामं बंद करायची यादी, दिसला तर बनवणाऱ्यांचं चुकलं असं समजा. वापरणाऱ्याला त्याचा विचारच करावा लागता कामा नये. गाणी, इंटरनेटवरचे कॉल, लोकेशन अशी मोजकी कामं मागे चालू राहत. हातातलं काम पुरं करायला थोडा वेळ मिळे. बाकी अ‍ॅप होतं त्या जागी गोठवलं जाई.

गोठवणं म्हणजे काय, हे नीट कळलं की पुढचा सगळा घोळ सुटतो. गोठलेलं अ‍ॅप रॅममध्ये पडून असतं, पण प्रोसेसर त्याला एकही पाळी देत नाही. रॅमला वीज लागते ती तिच्यातला मजकूर टिकवायला, आणि ती भरलेली असो की रिकामी, खर्च जवळपास तेवढाच येतो. म्हणून अ‍ॅप हुसकावून रॅम मोकळी केल्याने बॅटरी वाचत नाही. उलट तेच अ‍ॅप पुन्हा उघडताना स्टोरेजमधून सगळं नव्याने वाचावं लागतं, प्रोसेसर राबतो, आणि खरा खर्च तिथे होतो.

तरीही त्याच आयओएस ४ मध्ये होमचं बटण दोनदा दाबलं की खाली आयकॉनची रांग येई, त्यातला एक दाबून धरला की सगळे थरथरू लागत आणि प्रत्येकावर लाल रंगाचं वजा चिन्ह उमटे. समोर लाल वजा दिसल्यावर ते दाबायचं नाही, हे कुणाला सुचणार?

अँड्रॉइड २००८ पासूनच मागे अ‍ॅप चालवू देत होतं. पहिल्या फोनची रॅम १९२ एमबी होती. जागा कमी पडली की सिस्टिम स्वतःच सर्वांत कमी गरजेचं अ‍ॅप काढून टाके. गूगलच्या डायॅन हॅकबॉर्न यांनी २०१० मध्ये हे सविस्तर लिहून समजावलं होतं. पण तोवर मागची कामं मारून टाकणाऱ्या ‘टास्क किलर’ अ‍ॅपचं पीक आलं होतं. ते ज्याला मारत, ते बऱ्याचदा काही वेळाने आपोआप पुन्हा सुरू होई; पुन्हा मारा, पुन्हा सुरू, आणि या झटापटीत बॅटरीच जळे. अँड्रॉइड २.२ ने त्यांच्या अधिकारांना कात्री लावली.

सरकवून बंद करण्याची खूण आली ती पाम या फोन कंपनीच्या वेबओएस या सिस्टिममधून. २००९ च्या पाम प्रीमध्ये प्रत्येक अ‍ॅप म्हणजे खेळायच्या पत्त्यासारखा एक पत्ता (कार्ड) होता, आणि तो पत्ता खरोखर जिवंत असे. फार पत्ते उघडले की फोन तक्रार करी, मग एखादा वर भिरकावून द्यायचा. तिथे त्या खुणेला अर्थ होता. वेबओएसचं रूप घडवणारे मॅटियस दुआर्ते २०१० मध्ये गूगलमध्ये गेले. २०११ च्या अँड्रॉइड ४.० मध्ये अलीकडची अ‍ॅप बाजूला सरकवून काढता येऊ लागली आणि २०१३ च्या आयओएस ७ मध्ये वर सरकवून. पण इथले पत्ते म्हणजे बहुतेक वेळा नुसती चित्रं, अलीकडे काय उघडलं होतं त्याची आठवण. जिवंत यादीची खूण मृत यादीवर बसली, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दिशाभूल इथेच झाली.

आपल्याकडे याच सुमारास स्वस्त अँड्रॉइड फोन घरोघर पोचत होते. रेडमी १एसची रॅम एक जीबी. अशा फोनवर अ‍ॅप साफ केली की हँग होणं थोडा वेळ थांबायचं, हा अनुभव खराच होता. वेग वाढला म्हणजे बॅटरीही वाचली, असा हिशेब लोकांनी सहज केला. क्लीन मास्टर, डीयू बॅटरी सेव्हर अशा अ‍ॅपनी तो पक्का करून विकला. २०२० च्या फेब्रुवारीत गूगलने त्रासदायक जाहिराती दाखवणारी सुमारे ६०० अ‍ॅप हटवली, त्यात क्लीन मास्टरवाल्या चीता मोबाइलचीही बरीच होती. २९ जून २०२० ला भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपच्या यादीत ही दोन्ही नावं होती. कारण मात्र देशाच्या सुरक्षेचं होतं.

अपवादही सांगायला हवा. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयफोनवरचं फेसबुक मागे राहून बॅटरी खात असल्याचं उघड झालं. कंपनीच्या इंजिनिअरने दोन कारणं दिली: व्हिडिओ संपल्यावरही आवाजाची वाट उघडी राहत होती, आणि नेटवर्कचा कोड गाडीत मागे बसून ‘आलं का? आलं का?’ विचारणाऱ्या पोरासारखा अखंड चौकशी करत होता. असं बिघडलेलं एक अ‍ॅप बंद केलं तर फायदा होतोच. मॅपचं दिशादर्शन चालू राहिलं असेल तर तेही बंद करावं. सेटिंगमधल्या बॅटरीच्या यादीत असा चोर नावानिशी सापडतो, मग बाकी पंधरा अ‍ॅपना हात लावायची गरज उरत नाही.

मार्च २०१६ मध्ये एकाने अ‍ॅपलला ईमेलने विचारलं: कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक स्वतः अ‍ॅप बंद करतात का, आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? कंपनीचे सॉफ्टवेअर सांभाळणारे क्रेग फेडरिगी यांनी उत्तर दिलं, नाही आणि नाही. त्याच सुमारास अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनी, असं बंद केल्याने बॅटरीची स्थिती किंचित बिघडूही शकते, असं म्हटलं.

पुढे अँड्रॉइडने सूत्रं आणखी स्वतःकडे घेतली. २०१५ च्या ६.० मध्ये पडून असलेल्या फोनला झोपवणारं ‘डोझ’ आलं, २०१७ च्या ८.० ने मागच्या कामांवर मर्यादा घातल्या, २०१८ च्या ९ मध्ये ‘अ‍ॅडाप्टिव्ह बॅटरी’ आली. काही कंपन्यांनी तर यावर कडी केली. त्यांचे फोन मागचं काहीही जगू देईनात, मग गजर वाजेना, मेसेज तासाभराने येऊ लागले. अखेर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ च्या वेळी गूगलने सॅमसंगला बरोबर घेतलं, आणि नियमाने लिहिलेल्या अ‍ॅपची मागची कामं सॅमसंगच्या वन यूआय ६ या अँड्रॉइड आवृत्तीत मधेच मारली जाणार नाहीत, अशी हमी जाहीर झाली. त्याआधीच्या फोनवर औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं अ‍ॅप असेल, तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला मर्यादेतून वगळावं, आणि रिसेंटमधून ते सरकवून टाकू नये.