शाळेतलं कपाट आणि फिरती पेटी

शाळाशाळांत गोष्टींच्या पुस्तकांची पेटी फिरवायची, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. तिथे ग्रंथालयांची साखळी उभी राहिली, मुलांसाठी वेगळा विभाग निघाला आणि खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या. आपलं नागपूर मात्र बडोदा संस्थानात नव्हतं, ते त्या काळी मध्य प्रांताची राजधानी; पुढे १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. त्यामुळे इथल्या वाचनालयांना लागू झाला तो १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा.

या कायद्यात ग्रंथालय-कर नाही. खासगी संस्थांनी वाचनालय चालवायचं आणि सरकारने अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान द्यायचं, अशी रचना आहे. अनुदान पुरत नाही, म्हणून अनामत आणि मासिक वर्गणी राहिली. परिणाम उघड आहे: नागपुरात महाल-सीताबर्डीतल्या सभासदांची मुलं बालविभागात येतात, बांधकामावरच्या मजुराचं मूल येत नाही. त्याच्यासाठी उरते ती शाळा.

शाळेत पुस्तकं आली ती १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतरच्या खडू-फळा योजनेतून. आली, आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या यादीत, चढली. खरी गोम इथेच आहे. टेबल-खुर्चीच्या रांगेत पुस्तक बसलं की बदलीच्या वेळी चार्ज देताना त्याचा हिशेब लागतो. हरवलं तर वसुलीची धास्ती, फाटलं तर निर्लेखनाची, म्हणजे यादीतून कमी करण्याची, कागदपत्रं. मुख्याध्यापकांनी कपाटाला कुलूप लावलं, यात नवल नाही. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तकं सक्तीची केली. २०१८ पासून समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेतून शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ ते २० हजार रुपयांपर्यंत तरतूद झाली. कुलूप मात्र बरेचदा तसंच आहे. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ते हमखास उघडतं.

दुसरी अडचण निवडीची. पैसे मार्चच्या तोंडावर खर्च करायचे म्हटले की एकाच विक्रेत्याकडून संच येतो: थोरांची चरित्रं, निबंध, सामान्यज्ञान, बारीक टाइपात. पहिली-दुसरीच्या मुलाला त्यात काही नाही. एकेकाळी पर्यायही कमी होते. नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ चा, बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ चं. पण पानावर एकच ओळ असलेली स्वस्त चित्रपुस्तकं मुबलक झाली ती २००४ मध्ये प्रथम बुक्स ही ना-नफा प्रकाशनसंस्था सुरू झाल्यानंतर. त्यांच्या पुस्तकांना चार वाचनस्तर असतात. २०१५ मध्ये निघालेल्या त्यांच्याच स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या असल्याने शाळेलाही छापून घेता येतात. रामटेक-पारशिवनीकडे गोंड घरांतली, तर शहरात हिंदी बोलणारी मुलं मराठी मुलांच्याच वर्गात असतात; तिथे पहिल्या दोन स्तरांची पुस्तकं निम्म्याहून जास्त लागतात.

तीस मुलांच्या वर्गाला पन्नास-साठ पुस्तकांची पेटी पुरते. मुलांइतकीच पुस्तकं ठेवली तर निवडीला वावच राहत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी पेटी शेजारच्या शाळेशी बदलावी. नोंदीला चार रकाने बस: पुस्तक क्रमांक, मुलाचं नाव, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. हे काम चौथीची मुलं नीट करतात. शेकडा दहा पुस्तकं वर्षाला जातील असं धरूनच चालावं आणि ती खडूसारखी वापराच्या वस्तूंत लिहावीत, म्हणजे वसुलीचा प्रश्न उरत नाही.

नागपूरची हवा पुस्तकांना मानवत नाही. उन्हाळ्यात नुसत्या डिंकाने चिकटवलेली बांधणी तडकून पानं सुटतात, पावसाळ्यात पिना गंजतात, आणि भिंतीला टेकलेल्या कपाटात मागून वाळवी शिरते. कपाट वीतभर पुढे ओढावं; जाड पुस्तकं शिवण बांधणीचीच घ्यावीत. प्लॅस्टिकचं आवरण आत ओल धरतं, त्यापेक्षा खाकी कागद बरा.

विदर्भात शाळा उघडतात जूनच्या अखेरीस, म्हणजे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलांना सर्वांत जास्त वेळ असतो तेव्हाच, पुस्तकं कुलपात असतात. परीक्षा संपल्यावर प्रत्येकाला तीन-चार पुस्तकं घरी द्यावीत आणि आपसात बदलायला सांगावं. काही परत येणार नाहीत, ती त्या शेकडा दहातच धरावीत.