न गेलेल्यांनी ‘जा’ म्हणावं का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

७ ते १० मे २०२५ या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांत गावोगावच्या पानठेल्यांवर दुसरा विषय नव्हता. आता थांबायचंच नाही, पार आत घुसा, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना ‘तुझ्या घरचं कोण गेलं?’ असं विचारून गप्प बसवणारेही होते. जो कधी वर्दीत गेला नाही, त्यानं दुसऱ्याच्या पोराला लढायला धाडा म्हणावं का, हा वाद तेव्हापासूनचा नाही. त्याचे बरेच धागे वर्धा, कामठी आणि पवनारपर्यंत येतात. ‘तुझ्या घरचं कोण गेलं?’ हा प्रश्न वाटतो तितका सरळही नाही, कारण न गेलेल्यांतही तऱ्हा आहेत. काहींना जायची गरज पडली नाही. काही मापात बसले नाहीत. आणि काहींना सरकारनंच दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं हा वाक्प्रचार आपल्याकडे जुनाच आहे. अमेरिकेत अशा माणसाला ‘चिकनहॉक’ म्हणतात. स्वतः कधी न लढलेला, पण लढाईची घाई झालेला पुढारी, असा त्याचा अर्थ. हा शब्द १९८० च्या दशकात तिथल्या राजकारणात रुळला, पण राग त्याहून जुना आहे. यादवी युद्धात १८६३ साली सक्तीच्या भरतीचा कायदा आला, तेव्हा ३०० डॉलर भरले की नाव वगळलं जाई. मजुराला ती रक्कम जवळपास वर्षाच्या कमाईएवढी पडे. लढाई श्रीमंतांची आणि मरण गरिबांचं, हे वाक्य तिथे तेव्हापासून तोंडोतोंडी झालं. पुढे जानेवारी १९३८ मध्ये लडलो नावाच्या खासदाराची सूचना प्रतिनिधीगृहासमोर आली. देशावर हल्ला झालेला नसेल, तर युद्ध पुकारण्याआधी जनतेचं मत घ्यावं, असं तिच्यात होतं. ती चर्चेला घ्यायची की नाही यावरच मतदान झालं आणि १८८ विरुद्ध २०९ मतांनी ती बाजूला पडली. सक्तीची भरती १९७३ मध्ये बंद झाली. तेव्हापासून तिथेही, आपल्यासारखंच, जाणारा स्वखुशीनं जातो. निदान कागदावर तरी.

आपल्याकडे सक्तीची भरती कधीच नव्हती. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी माणसं गेली, दुसऱ्यात सुमारे २५ लाख. कायद्यानं सगळे स्वयंसेवक. पण स्वयंसेवक कोणी व्हायचं, हे इंग्रज ठरवत. ठरावीक जातीच ‘लढवय्या’ असतात असं त्यांनी मानलं आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांची नावं कोरेगावच्या स्तंभावर आहेत, त्यांच्याच मुलांना भरती कार्यालयातून परत पाठवलं जाऊ लागलं. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. त्याचा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये महारांची एक पलटण उभारली गेली आणि युद्ध संपल्यावर मोडूनही टाकली.

ही बंदी उठावी म्हणून सुभेदार रामजी सकपाळांच्या मुलानं पुढे जोर लावला. १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक मंडळावर घेतलं गेलं, तिथे त्यांनी महार पलटणीची मागणी लावून धरली आणि समाजाला भरती व्हायला सांगितलं. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली आणि १९४२ मध्ये दुसरी आपल्या कामठीला. जाण्याचा हक्क मिळावा म्हणून ‘जा’ म्हणणारा माणूस आणि स्वतःला झळ लागणार नाही या खात्रीनं ‘जा’ म्हणणारा माणूस एका पारड्यात बसत नाहीत. बायकांचंही तसंच. स्वतंत्र भारतात डॉक्टर आणि परिचारिका सोडल्या तर १९९२ पर्यंत लष्कराचं दार त्यांना बंद होतं. सेवा केलेल्यांनीच बोलावं असा नियम केला, तर गावातल्या निम्म्या माणसांची तोंडं पहिल्याच झटक्यात बंद होतात.

१९१८ च्या उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात इंग्रजांसाठी सैनिक गोळा करत फिरले. गावामागे वीस माणसं द्या, असं त्यांचं पत्रक होतं. ते स्वतः कोरे नव्हते. बोअर युद्धात त्यांनी सुमारे ११०० जणांचं जखमी वाहणारं पथक उभं केलं होतं आणि १९०६ च्या झुलू बंडातही डोली उचलली होती. तरी लोकांनी तोंडावर विचारलं, तुम्ही अहिंसावाले, मग आम्हाला हत्यार धरायला कसं सांगता? सरकारनं आमचं काय भलं केलंय? काही महिन्यांपूर्वी साराबंदीच्या लढ्यात फुकट बैलगाड्या देणारी गावं आता भाडं देऊनही गाडी देईनात. शिदोरी पाठीला बांधून त्यांना दिवसाला वीसेक मैल चालावं लागे. भरती फारशी झाली नाही आणि ऑगस्टमध्ये ते गंभीर आजारी पडले. त्याच वर्षी टिळकांनी भरतीला मदत करायची तयारी दाखवली ती अट घालून. हिंदी माणसाला अधिकारपदं मिळाली पाहिजेत. मुंबईत गव्हर्नरनं त्यांना भाषण पुरं करू दिलं नाही.

बावीस वर्षांनी उलटा प्रयोग आपल्या भागात झाला. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयनं इथल्या कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. काँग्रेस कार्यकारिणी त्याच महिन्यात वर्ध्यात बसली आणि आम्हाला न विचारता आमची माणसं कशी जुंपता, असा जाब तिनं विचारला. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबा भावे पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून उभे राहिले. इंग्रजांच्या युद्धाला माणसांनी किंवा पैशानं मदत करणं चूक आहे, एवढंच म्हणायचं आणि तुरुंगात जायचं. चार दिवसांत अटक, तीन महिन्यांची शिक्षा. विनोबा कधी सैन्यात गेले नव्हते. ‘जाऊ नका’ म्हणायला सेवेचा दाखला लागत नाही आणि ‘जा’ म्हणायला मात्र लागतो, असं म्हणणाऱ्यानं पवनारला काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवावं. फरक दाखल्यात नव्हताच. बोललेल्या शब्दाची किंमत बोलणाऱ्यानं त्याच आठवड्यात मोजली होती.

१९६२ चं चीन युद्धाचं प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे, कारण ‘वर्दीवाल्यांनाच कळतं’ आणि ‘पुढाऱ्यांनीच ठरवावं’ या दोन्ही बाजू त्यात उघड्या पडतात. नामका चू ही ईशान्य सीमेवरची, थागला डोंगराखालची नदी. तिथे ७ व्या ब्रिगेडला खालच्या काठावर उभं केलं आणि वरच्या चिन्यांना हुसकायला सांगितलं. ब्रिगेडियर जॉन दळवींच्या कित्येक जवानांच्या अंगावर सुती गणवेश होते आणि माणशी साधारण ५० गोळ्या. रस्ता नव्हता, खच्चर वर चढत नव्हतं, विमानातून टाकलेलं सामान दरीत जाई. कोअर कमांडर उमराव सिंग यांनी हल्ल्याआधी काय आणि किती लागेल याची यादी दिली. ती अवाजवी ठरली आणि त्यांच्याकडून ती आघाडीच काढून घेतली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल आले. वर्दीतले, पण लढाईत तुकडी चालवण्याचा अनुभव नसलेले. १२ तारखेला नेहरू सिलोनला निघताना विमानतळावर पत्रकारांना म्हणाले की आपला भाग मोकळा करायला लष्कराला सांगितलं आहे. १८ तारखेला कौल आजारी होऊन दिल्लीला आले आणि घरच्या पलंगावरून कोअर चालवू लागले. २० च्या पहाटे चिनी उतरले. काही तासांत ब्रिगेड संपली आणि दळवी पुढे पकडले गेले. त्या युद्धात १,३८३ जवान ठार झाल्याचा सरकारी आकडा आहे. बेपत्ता त्याहून जास्त.

तोवर संसदेत आणि वर्तमानपत्रांत ‘हाकला’ एवढंच चाललं होतं. सगळ्यांच्या आवेशात गोळ्या किती आहेत हा प्रश्न विरून गेला. चूक वर्दीबाहेरच्यांनी केली आणि वर्दीतल्यांनीही. बरोबर सांगणाराही वर्दीतलाच होता, त्याचं ऐकलं नाही.

शस्त्रसंधीच्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य त्यातूनच आलं. चव्हाणही कधी सैन्यात नव्हते. त्यांच्या काळात फौज वाढली, पहाडी डिव्हिजन उभ्या राहिल्या. मंत्र्यानं बंदूक चालवलेली असावी लागत नाही. त्यानं भांडाराची यादी वाचायची असते. १९७१ मध्ये त्याचा पुरावा मिळाला. एप्रिलमध्येच पूर्व पाकिस्तानात शिरा असा आग्रह होता. बर्मात १९४२ साली गोळ्या खाल्लेल्या माणेकशॉंनी पावसाळा, नद्या आणि अपुरी तयारी सांगून वेळ मागितला. इंदिरा गांधींनी तो दिला. डिसेंबरमध्ये तेरा दिवसांत काम झालं.

पीटर फीव्हर आणि क्रिस्टोफर गेल्पी या अमेरिकी अभ्यासकांनी १८१६ ते १९९२ पर्यंतच्या त्यांच्या देशाच्या भांडणांचा हिशेब मांडला. मंत्रिमंडळात आणि संसदेत माजी सैनिक जास्त असले की देश भांडण कमी वेळा सुरू करतो. पण एकदा सुरू झालं की त्याच काळात बळ जास्त वापरलं जातं. म्हणजे सेवा केलेला माणूस सावध असतो, मवाळ असतोच असं नाही. दोन्ही बाजूंनी या अभ्यासाचा अर्धाच भाग सांगायची पद्धत आहे.

आपल्या घटनेनं निर्णय वर्दीबाहेरच ठेवला आहे. सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाकडे. ‘युद्ध आणि शांतता’ हा विषय केंद्राच्या सूचीत. युद्धाआधी संसदेचं मत घेतलंच पाहिजे असं कलम नाही. आणि जो आज सेवेत आहे त्याला यावर जाहीर बोलता येत नाही. अनुच्छेद ३३, १९५० चा लष्कर कायदा आणि त्याखालचे नियम मिळून जवानाला परवानगीशिवाय वर्तमानपत्रात किंवा सभेत राजकीय मत मांडायला बंदी आहे. तेव्हा फक्त सेवेतल्यांनी बोलावं म्हटलं तर जे जाणार तेच गप्प राहतात आणि बोलायला उरतात टीव्हीवरचे निवृत्त.

झळ लागणं आणि सेवा करणं हेही विदर्भात एक राहिलेलं नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३० मे २०१६ च्या रात्री आग लागली. त्यात दोन अधिकारी आणि आग विझवायला धावलेले जवान, कर्मचारी गेले. २० नोव्हेंबर २०१८ ला त्याच भागात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला. सहा जण गेले, त्यांत ठेक्यावर खोकी उतरवणारे आसपासच्या गावचे मजूर होते. जवाहरनगरला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला आठ कामगार गेले. गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ १ मे २०१९ ला पंधरा पोलिसांबरोबर सोळावा गेला तो खाजगी गाडीचा चालक. यांतल्या मजुरांचं आणि चालकाचं नाव कुठल्या सेवापुस्तिकेत नव्हतं.

आता जातो कोण, ते पहाटे साडेचारला गावाबाहेरच्या रस्त्यावर दिसतं. सैन्यातली धाव १.६ किलोमीटरची. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण ६० गुण, म्हणजे ४०० मीटरच्या फेरीला ८२ सेकंद. दहा पुलअपचे ४०. महाराष्ट्रातल्या मुलाला उंची १६८ सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून ५ वाढ. गावाकडे मैदान नसतं, म्हणून दुचाकीच्या काट्यावर अंतर मोजून डांबरी रस्त्यावर पळतात. तिथेच बिघडतं. सरळ रस्त्याची सवय लागते आणि भरतीच्या गर्दीत वळणावर बाहेरून पळताना सेकंद जातात. पहिली फेरी जोशात ७० सेकंदांत मारतात आणि तिसरीत पाय उचलत नाही. झिजलेल्या बुटांनी डांबरावर रोज पळून नळीची हाडं दुखतात. ते दुखणं अंगावर काढलं की कधी हाडाला बारीक चीर पडते आणि हंगाम जातो. २०२३ पासून आधी संगणकावरची लेखी परीक्षा, मग मैदान. त्यामुळे पळणारा पोरगा गणितात अडकतो. मेडिकलला कानातला मळ, सपाट तळवे, एकमेकांना लागणारे गुडघे यांवर परत येणारे वेगळेच.

निवड झाली तर जून २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ९ हजार निधीला कापून हातात २१. शेवटी सेवानिधी सुमारे ११.७१ लाख. जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात, बाकीचे परत. पेन्शन नाही. सेवेत मृत्यू झाला तर विमा ४८ लाख आणि तो कर्तव्यावर झाला तर सानुग्रह ४४ लाख, पण घरच्यांना जन्मभराचं कुटुंब निवृत्तिवेतन नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर गेलेला अग्निवीर बुलढाणा जिल्ह्यातला होता. पुलवामात गेलेल्या चाळिसांतले दोघेही त्याच जिल्ह्याचे.

‘घुसा’ म्हणणाऱ्याला कुठल्या पलटणीत होतास असं विचारण्यापेक्षा हे आकडे विचारावेत. गोळ्या किती, पावसाळा कधी, चार वर्षांनी परत आलेल्याला काम काय, मागे राहिलेल्यांना महिना किती. उमराव सिंगांची यादी अशीच होती.

भरतीचं किमान वय साडेसतरा आहे. अठरा पूर्ण नसलेल्याच्या भरतीच्या अर्जावर पालकाची सही लागते. ती करणारा बाप किंवा आई बहुतेक वेळा कधीच वर्दीत गेलेली नसते.